गीता १७.१५ : आपलं रोजचं खोटं आणि कांट



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला पंधरावा. वाणीचं तप. भगवंत सांगतात की बोलणं ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उडवणारं नसावं, खरं असावं, ऐकायला गोड असावं आणि त्याच्या हिताचंही असावं. जोडीला स्वाध्यायाचा सराव. वाचताना सोपं वाटतं. पण एखाद्या सोमवारी सकाळी या चारही अटी एकाच वाक्याला लावून बघा. खरं बोलावं तर गोड राहत नाही. गोड बोलावं तर खरं राहत नाही. हिताचं बोलावं तर समोरचा अस्वस्थ होतो. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला चार अटी 'अँड'ने जोडलेल्या दिसल्या की पहिला प्रश्न पडतो, यातली एक फेल झाली तर काय? श्लोकात 'एल्स' दिलेला नाही.

या 'एल्स'च्या शोधात आज एका जर्मन माणसाकडे जाऊया. इमॅन्युएल कांट. जन्म १७२४, मृत्यू १८०४, आणि जवळपास सगळं आयुष्य कोनिग्सबर्ग या एकाच गावात आणि त्याच्या आसपास. वडील घोड्यांचा चामडी साज बनवणारे कारागीर, घर अतिशय धार्मिक. गीतेच्या चिंतनात हा कुठून आला, असं वाटेल. पण आम्हा खानदेशी माणसांना कांट तितका परका नाही. मी वरणगावचा. आमच्याकडून भुसावळला जाऊन सुरत लाइनची गाडी धरली की जळगाव, धरणगाव आणि मग अमळनेर. आयटीवाल्यांना अमळनेर माहीत असलं तर विप्रोमुळे, कारण ती कंपनी १९४५ साली तिथे वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली. भाविकांना माहीत असतं ते बोरी नदीकाठच्या सखाराम महाराजांच्या वाडीमुळे आणि वैशाखातल्या यात्रेमुळे. पण त्याच गावात १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. शांकर वेदांत आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचा शेजारी शेजारी अभ्यास व्हावा म्हणून. घनश्यामदास मलकानींनी ते अनेक वर्षं सांभाळलं, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे मोठे विचारवंत काही काळ तिथे होते, आणि कांटच्या मुख्य ग्रंथावर वाचकांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिणारे रासबिहारी दासही तिथलेच. साने गुरुजी इथेच तत्त्वज्ञान शिकले आणि मग १९२४ पासून अमळनेरच्याच शाळेत शिकवू लागले. तापी खोऱ्यातल्या कापसाच्या गावात बसून ही मंडळी शंकराचार्य आणि कांट यांना समोरासमोर बसवत होती. त्यामुळे मी आज काही नवीन करत नाहीये. आमच्याकडची जुनीच रीत आहे.

कांटचं नीतीवरचं छोटं पण भारी पुस्तक १७८५ सालचं. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं, आपल्या भाषेत सांगतो. किराणा दुकान आहे. एक लहान पोरगं पन्नासची नोट घेऊन साखर घ्यायला आलंय. त्याला भाव कळत नाही. दुकानदार त्याला फसवत नाही, मोठ्यांना लावतो तोच भाव लावतो. चांगला माणूस? कांट म्हणतो, थांबा. त्याने असं का केलं ते बघा. पोराला फसवलं आणि आईला कळलं तर गिऱ्हाईक तुटेल, एवढाच विचार असेल तर तो हिशोब झाला, नीती नाही. कृती तीच, भाव तोच, पण आत काय चाललंय त्यावर तिची किंमत ठरते.

हे वाचल्यावर मला सतराव्याच अध्यायातला विसावा श्लोक आठवतो. सात्त्विक दान कुठलं? 'द्यायला हवं' एवढ्याच बुद्धीने, परतफेडीची शक्यता नसलेल्याला दिलेलं. आणि अठराव्यात नववा श्लोक, 'करायला हवं' म्हणूनच केलेलं कर्म. कोनिग्सबर्गमध्ये बसलेल्या माणसाने गीता वाचलेली असण्याची शक्यता नाही, तिचं पहिलं इंग्रजी भाषांतरच १७८५ सालचं, म्हणजे नेमकं कांटचं पुस्तक आलं त्याच वर्षीचं. तरी दोघं एकाच जागी बोट ठेवतात. टिळकांना हे साम्य मंडालेच्या तुरुंगात दिसलं होतं. १९१५ साली छापून आलेल्या गीतारहस्यात कांट पुन्हा पुन्हा येतो. कर्माची परीक्षा बाहेरच्या फळावरून करायची की करणाऱ्याच्या बुद्धीवरून, या वादात टिळकांना तो आपल्या बाजूचा साक्षीदार वाटला.

पण आत काय चाललंय हे ओळखायचं कसं? आपण स्वतःला फार लवकर पटवून देतो. कांटने त्यासाठी एक परीक्षा दिली आहे. तू ज्या तत्त्वावर हे करतोयस, ते सगळ्यांसाठी नियम व्हावं असं तुला म्हणता येईल का? लोक याचा अर्थ 'सगळ्यांनी असं केलं तर किती नुकसान होईल' असा घेतात. तो तसं म्हणत नाही. त्याचं म्हणणं जास्त टोकदार आहे. सगळ्यांनी ते केलं तर ती गोष्ट करणंच अशक्य होईल का, ते बघ. परत करायचा इरादा नसताना 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणून उसने पैसे घेणं हे त्याचं उदाहरण. सगळेच तसं करू लागले तर 'देतो' या शब्दालाच अर्थ उरणार नाही, आणि मग तुझी थापही चालणार नाही. म्हणजे थाप मारणाऱ्याला हवं असतं की बाकी सगळ्यांनी खरं बोलावं आणि फक्त आपल्याला सूट मिळावी.

ही परीक्षा ऑफिसमध्ये लावून बघा. सुट्टीसाठी आजीला मारणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ. आमच्या टीममध्ये एकाच्या आज्या तीन वर्षांत चार झाल्या. हसलो आम्ही. पण नंतर एका मुलीच्या आजी खरंच गेल्या, तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी पाहिलं. तिने रडत मेसेज दाखवला. तिला पुरावा द्यावासा वाटला, कुणी मागितला नव्हता तरी. त्या चार खोट्या आज्यांची किंमत तिने मोजली.

तसंच बनावट एक्स्पीरियन्स लेटर. आमच्याकडची बरीच पोरं डिग्री झाली की पुण्याला जातात, हिंजवडीच्या आसपास चार-पाच जण मिळून फ्लॅट घेतात, आणि वर्षभर नोकरी लागली नाही की कुणीतरी भेटतो, 'दोन वर्षांचा अनुभव दाखवू, काही टेन्शन नाही भो.' मी त्या पोरांकडे बोट दाखवायला बसलेलो नाही. घरी केळीच्या बागेवर कर्ज काढून शिकवलेलं असतं, फोनवर बाप काही विचारत नाही हेच जास्त टोचतं. पण कांटचा प्रश्न इथे नुसता पुस्तकात राहिलेला नाही, तो प्रत्यक्षात घडून गेला आहे. पुरेशा लोकांनी हे केलं म्हणून आज खरा अनुभव असलेल्या पोरालाही पगाराच्या स्लिपा, पीएफची नोंद, जुन्या मॅनेजरचा फोन नंबर, सगळं देत बसावं लागतं. कागदाचा शब्द मेला. आता तो जिवंत असल्याचा दाखला दुसऱ्या कागदाने द्यावा लागतो.

वरणगावला आयुध निर्माणी आहे, बंदुकीची काडतुसं तिथे बनतात. पप्पा तिथेच होते. अशा फॅक्टरीत काडीपेटी आत न्यायची नाही. 'मी पेटवणार थोडीच, नुसती खिशात आहे' हे गेटवर चालत नाही. तुम्ही किती भरवशाचे आहात हा तिथे प्रश्नच नसतो. कांटच्या 'निरपेक्ष आदेशा'ची कल्पना कॉलेजात वाचली तेव्हा मला ते गेट आठवलं होतं. नियम माणूस बघून वाकत नाही, स्वतःचा माणूस असला तरी.

इथपर्यंत कांट पटतो. अडचण पुढे आहे.

१७९७ साली बेंजामिन कॉन्स्टंट नावाच्या फ्रेंच लेखकाने त्याला गाठलं. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय. खुनी दारात येऊन विचारतोय, तो आत आहे का? खोटं बोलायचं की नाही? कॉन्स्टंटचं म्हणणं, ज्याला सत्यावर हक्क आहे त्यालाच सत्य देणं लागतो; दुसऱ्याचा जीव घेणाऱ्याला तो हक्क नाही. कांटने उत्तरादाखल छोटा लेख लिहिला आणि म्हणाला, नाही, तरीही खोटं बोलायचं नाही. वर युक्तिवाद असा की तुम्ही 'तो घरी नाही' म्हणालात आणि तोवर मित्र खरंच मागच्या दाराने निसटलेला असला, तर परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यात सापडेल, आणि मग तुमचं खोटं त्याला कारण ठरेल.

मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. आणि आपल्या महाभारताने त्याला जवळपास दोन हजार वर्षं आधीच नापास केलं आहे.

कर्णपर्वात प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी जखमी झालेला युधिष्ठिर चिडून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. अर्जुनाचा गुप्त पण असतो, असं म्हणेल त्याला ठार करीन. तो भावावर तलवार उपसतो. म्हणजे इकडे वचन, तिकडे थोरला भाऊ. कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा एक तपस्वी नद्यांच्या संगमावर राहायचा (मला दरवेळी चांगदेवचा तापी-पूर्णेचा संगम दिसतो, इलाज नाही). नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत, त्यासाठी त्याची ख्याती. दरोडेखोरांना भिऊन काही लोक जवळच्या रानात लपले. दरोडेखोर आले, त्यांनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं. लोक मारले गेले. आणि कौशिक, सत्य बोलूनही, धर्माचं सूक्ष्म रूप न कळल्यामुळे नरकात गेला.

दार तेच, खुनी तोच, प्रश्न तोच. कांटच्या निकालाने कौशिक निर्दोष आणि कृष्णाच्या निकालाने दोषी. टिळकांनी गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात ही चर्चा सविस्तर केली आहे, जरूर वाचा.

आता इथे एक गंमत होते, आणि आजचं सगळं लिखाण या एका जागेसाठी आहे. कौशिकाची गोष्ट ऐकली की आपल्याला फार बरं वाटतं. 'बघा, देवानेच सांगितलंय, कधीकधी खोटं चालतं!' कीर्तनात ही गोष्ट आली की मंडपातले निम्मे लोक सुटकेचा श्वास सोडतात, मी पाहिलं आहे. पण नीट वाचा, कृष्ण लगेच खोट्यावर जात नाही. त्याचा क्रम आहे. न बोलता सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये. बोलणं भागच पडलं, आणि गप्प राहण्यानेही संशय येणार असेल, तर आणि तरच असत्य बरं. म्हणजे तो सर्वांत शेवटचा मार्ग आहे, आणि तोही दारात दरोडेखोर असताना.

आपल्या दारात कोण असतं? एचआर असते. घरमालक असतो. 'लग्नाला का आला नाहीस' विचारणारी आत्या असते. क्लायंट असतो, ज्याला शुक्रवारी सांगायचं असतं की काम झालेलं नाही. आपण कौशिकाचा दाखला काढतो आणि समोर उभ्या केलेल्या माणसाला मनातल्या मनात दरोडेखोर ठरवून टाकतो.

मग फरक करायचा कसा? इथे कांटच आपल्या मदतीला येतो, पण त्या लेखातला नाही, १७८५च्या पुस्तकातला. तो म्हणतो, माणसाला, दुसऱ्याला किंवा स्वतःला, कधीही नुसतं साधन म्हणून वापरू नकोस. नुसतं हा शब्द महत्त्वाचा. रिक्षावाल्याला आपण वापरतोच, पण तो भाडं ठरवून, हो म्हणून नेतो. फसवलेला माणूस मात्र हो म्हणूच शकत नाही, कारण कशाला हो म्हणतोय हेच त्याच्यापासून लपवलेलं असतं. त्याचा निर्णय आपण परस्पर घेऊन टाकलेला असतो. या नजरेने कौशिकाचं दार पुन्हा बघा. दरोडेखोर जे मागत होते ते त्यांचं नव्हतंच. ते दुसऱ्यांचे जीव होते. त्यांना खोटं सांगितल्याने त्यांचा कुठलाच न्याय्य निर्णय हिरावला जात नव्हता. एचआर, क्लायंट, आत्या, यांचं तसं नाही. ते जे विचारतात त्यात त्यांचं स्वतःचं काहीतरी अडकलेलं असतं. माझ्या मते कांट दारात चुकला पण घरात बरोबर आहे, आणि आपण नेमके घरातच त्याचं ऐकत नाही.

दोन प्रसंग सांगतो, कारण यातलं खोटं वाईट हेतूचं नव्हतं. तेच अवघड असतं.

पहिला कामाचा. एका ॲपच्या पेमेंट स्क्रीनवर शाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी काही रुपयांचं दान जोडायचं होतं. छान कल्पना. पण टिकीट आलं त्यात लिहिलेलं होतं की चौकोनात खूण आधीपासून केलेली असावी, अक्षर बारीक, रंग फिकट. पैसे खरंच संस्थेला जाणार होते, कुणी खिशात घालणार नव्हतं. मीटिंगमध्ये मी विचारलं, खूण आधी का? उत्तर आलं, रिकामी ठेवली तर कोण करतं? हे उत्तर प्रामाणिक होतं आणि त्यातच सगळं आलं. लोक देणार नाहीत हे माहीत होतं म्हणून त्यांच्याकडून देववून घ्यायचं. विसावा श्लोक डोक्यात फिरत होता. द्यायला हवं म्हणून दिलेलं दान. इथे देणाऱ्याला तर दिल्याचा पत्ताच नाही, मग दान कुणी केलं? त्याच्या खिशातून गेलं, पण बुद्धी कुणाची लागली? भुकेल्या पोराला जेवण मिळेल हे खरं, आणि ते लहान नाही, मी ते हलक्याने घेत नाही. तरी ज्याचे पैसे आहेत तो त्या क्षणी नुसता पाइप झाला. पुढे सरकारनेही यावर बोट ठेवलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या तेरा फसव्या डिझाइनच्या प्रकारांवर नियम काढले, आणि त्यात गुपचूप टोपलीत माल टाकण्याच्या प्रकारात दानाचाही स्पष्ट उल्लेख आहे. आमच्याकडे त्या दिवशी अर्धं ऐकलं गेलं. अक्षर मोठं झालं, खूण काही महिने तशीच राहिली. हिशोब असा अर्धवटच लागतो बऱ्याचदा.

दुसरा घरचा.

आजीला पोटाचा कॅन्सर निघाला. वय अठ्ठ्याहत्तर. रिपोर्ट आला तेव्हा मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी भुसावळला उतरलो. घरी पोचेस्तोवर ठरून गेलं होतं, आजीला 'अल्सर' सांगायचं. काकांचं म्हणणं, नाव ऐकूनच ती खचेल, आहेत ते दिवस तरी सुखाचे जाऊ द्या. काका रडत होते. ते काही स्वतःच्या सोयीसाठी खोटं बोलत नव्हते, किमान त्यांना तसं वाटत नव्हतं. आणि आज ज्या श्लोकाने सुरुवात केली त्यातली पहिलीच अट त्यांच्या बाजूची होती, मनात खळबळ उडवू नये. आत्या मात्र गप्प होती. तिने एवढंच म्हटलं, 'आईचा तिच्या शेताचा हिस्सा अजून वाटायचा आहे. बांगड्या कुणाला द्यायच्या ते तिच्या मनात आहे. ती काय करणार आहे तुमच्या अल्सरमध्ये?'

या वाक्याने मला कांट जितका समजला तितका पुस्तकाने समजला नव्हता. घरातले आठ जण मिळून एका माणसाच्या उरलेल्या महिन्यांची योजना करत होते आणि त्या माणसाला सोडून सगळे खोलीत होते. केमो घ्यायची की नाही, कुठे राहायचं, कुणाला भेटायचं, हे सगळं तिचं. ती दरोडेखोर नव्हती. ती दुसऱ्या कुणाचं काही मागत नव्हती, स्वतःचंच मागू शकली असती, जर मागायचं काय हे तिला कळलं असतं तर.

पण मग जाऊन तोंडावर सांगून टाकायचं? कौशिकही तेच करत होता. खरं आहे ना, मग बोलून मोकळा. सत्य सांगणाऱ्यालाही एक सुख असतं, ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्याचं. कांटसुद्धा असं म्हणत नाही की सगळं सांगायलाच हवं. जे बोलाल ते खरं हवं, पण किती बोलायचं हे तुमच्या हातात आहे, हा फरक तो मानतो.

आत्याने शेवटी काय केलं? दुपारी आजीचे पाय चेपत बसली आणि विचारलं, 'आई, डॉक्टरांनी सगळं लिहून दिलंय. तुला ऐकायचंय, की आमच्यावर सोडतेस?' आजी बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'नाव नको सांगू मले. किती दिस राह्यले ते सांग. मुक्ताईले जाऊन यायचंय.'

नाव नको, दिवस सांग. आम्ही सगळे 'सांगायचं की नाही' यावर भांडत होतो. सत्याचे असे दोन तुकडे करून एक घेता येतो आणि एक परत देता येतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आत्याने तिला सांगितलं, डॉक्टर सहा महिने म्हणतात, कमीही असतील. आजीने केमोला नाही म्हटलं. वाटणी तिने स्वतः केली, आणि ती काकांना अजिबात आवडली नाही, कारण एक तुकडा आत्याच्या नावावर गेला. (सगळ्या घरात असतं हे.) कोथळीच्या जुन्या मंदिरात मुक्ताईच्या दर्शनाला आम्ही तिला गाडीतून नेलं, परतताना तिने हट्टाने भरीत आणि कळण्याची भाकरी मागितली आणि दोन घास खाल्ले. पाच महिने होती त्यानंतर. दुःख झालं नाही असं नाही. रात्री ती रडायची, आत्या ऐकायची. काकांची भीती अगदी चूक नव्हती.

आता एक शेवटची गोष्ट, धुळ्याची. १९३२ सालच्या फेब्रुवारी ते जून या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत होते, आणि समोर बसून ते उतरवून घेत होते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून आलेले साने गुरुजी. तीच 'गीता प्रवचने'. कांट मानणाऱ्या माणसाला हे पुस्तक एका ठिकाणी अडवतं. कांटचं उदाहरण आहे, एखाद्याच्या मनातली सगळी सहानुभूती दुःखाने सुकून गेली आहे, तरी तो केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो, आणि तिथेच त्याच्या कृतीची खरी नैतिक किंमत दिसते. यात मोठा दिलासा आहे. भजनात मन लागत नाही, ऑफिसचा कंटाळा आलाय, तरी करायचं ते केलं, तर ते वाया गेलेलं नाही. पण विनोबा चौथ्या अध्यायातल्या 'विकर्म' शब्दाचा अर्थ लावताना म्हणतात की बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड हवी. ती नसेल तर कर्म कोरडं राहतं, त्याचं ओझं होतं. एकासाठी कोरडेपणातच कर्तव्याची पारख, दुसऱ्यासाठी तो अपुरेपणा.

आत्याच्या त्या दुपारीकडे मी दोन्ही नजरांनी बघतो. तिने खोटं नाकारलं, इथे कांट समाधानी. पण ती पाय चेपत होती, दुपारची वेळ निवडली होती, आधी विचारलं आणि मग थांबली. कांट याला हरकत घेणार नाही, पण हिशोबातही धरणार नाही. गीता धरते. प्रिय आणि हित हे सत्याच्या वरचे टॉपिंग्ज म्हणून आलेले नाहीत, एकाच तपाच्या व्याख्येत एकत्र आले आहेत. मी सुरुवातीला चार अटी म्हणालो, एक फेल झाली तर काय म्हणून. बहुतेक मी त्या चुकीच्या जागी लावत होतो. त्या वाक्याला लावायच्या नसून बोलणाऱ्याच्या तयारीला लावायच्या असतील. कुठल्या वेळी, किती, कुठल्या हाताने. आत्याला या शब्दात सांगितलं तर ती म्हणेल, तुम्ही शिकलेली पोरं फार गुंता करता.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. त्यात मौन येतं. मला नेहमी वाटायचं की मौन कालच्या शरीराच्या तपात किंवा आजच्या वाणीच्या तपात यायला हवं होतं, जीभच तर आवरायची असते. भगवंतांनी ते मनाच्या यादीत का ठेवलं, आणि कृष्णाने कौशिकाच्या गोष्टीत ते सर्वांत पहिल्या पायरीवर का ठेवलं, ते उद्या बघू.

राम कृष्ण हरी.